आहूखाना: रिकाम्या कबरीची बाग

मृताला बागेत पुरण्याची मुघल राजघराण्याची रीत केवळ जन्नतच्या कल्पनेतून आलेली नाही. जिवंतपणी ज्या बागेत माणूस सावलीला बसला, जिथे त्याने आल्यागेल्याच्या भेटी घेतल्या, त्याच बागेत त्याला शेवटी विसावा मिळावा, ही साधी मानवी इच्छाही तिच्यामागे आहे. बाबर 1530 मध्ये आग्र्याला मरण पावला, तेव्हा त्याचा देह प्रथम यमुनाकाठच्या बागेत ठेवण्यात आला आणि काही वर्षांनी त्याच्या आवडत्या काबूलच्या बागेत नेण्यात आला. जहांगीरची कबर लाहोरजवळ शाहदऱ्याला, नूरजहानच्या दिलकुशा बागेत आहे. एकमेकांना छेदणाऱ्या वाटांनी किंवा पाटांनी चार भागांत विभागलेली बाग, म्हणजे चारबाग, मराठी वाचकांना औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यामुळे परिचित आहे. परंतु तिथे नजर घुमटावरच खिळत असल्यामुळे बाग ही घुमटाभोवतीची सजावट वाटते. बाग आधीची आणि कबर नंतरची, हा क्रम बऱ्हाणपूरइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसतो, कारण इथे बाग होती, तिच्यात कबर आली आणि सहा महिन्यांत निघूनही गेली.

खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने फारुकी सुलतान नासिरखान याने इ. स. 1400च्या सुमारास तापीच्या एका काठावर बऱ्हाणपूर वसवले, आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे जैनाबाद समोरच्या काठावर उभे राहिले. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर खानदेश मुघलांकडे गेला आणि बऱ्हाणपूर हे दख्खनच्या मोहिमांचे ठाणे झाले. जैनाबादचा आहूखाना, म्हणजे हरणे राखलेले शिकारीचे उद्यान, हा याच काळातला असून त्याची उभारणी अकबरपुत्र दानियाल याच्याशी जोडली जाते. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन असताना 17 जून 1631 रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली आणि तापीपलीकडच्या या बागेत तिला तात्पुरते पुरण्यात आले. त्या वर्षी गुजरात, खानदेश आणि दख्खन भीषण दुष्काळाने होरपळत होते, हे विसरून त्या शोकाकडे पाहणे योग्य होणार नाही. बादशाही तळाभोवतीच्या गावांत मेलेल्या असंख्यांची कबरही कुठे उरली नाही. डिसेंबरात शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली मुमताजचा देह आग्र्याकडे निघाला, आणि ताजमहालाची कथा सुरू झाली तिथे आहूखान्याची कथा लोकांच्या लेखी संपली.

ती खरोखर संपली नाही, असे मानण्यास बऱ्हाणपुरातच आधार आहे. ताजमहालासाठी निवडलेली आग्र्याची जागा मिर्झाराजे जयसिंगांच्या ताब्यातील होती आणि बादशहाने ती मोबदल्यात दुसऱ्या हवेल्या देऊन घेतली. पुरंदरच्या तहामुळे मराठी माणसाला ठाऊक असलेले हेच जयसिंग 1667 मध्ये बऱ्हाणपुरात वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली छत्री शहराजवळ तापीकाठी आजही आहे. ज्यांच्या जमिनीवर मुमताजची कायमची कबर झाली, त्यांचे स्मारक तिच्या पहिल्या कबरीच्या नदीकाठी असावे, हा योग इतिहासाच्या अभ्यासकालाही थांबून पाहावासा वाटेल.

रिकाम्या कबरीच्या बागेला अर्थ काय उरतो, या प्रश्नाचे एक उत्तर व्हिएतनाममधील ह्वे शहराजवळ सापडते. न्गुयेन घराण्याचा सम्राट तू दुक याने 1864 ते 1867 या काळात आपले समाधिस्थान स्वतःच बांधून घेतले. कमळांचे तळे, पाण्यावरचे मंडप आणि पाइनची झाडे यांनी वेढलेल्या या जागेत तो मृत्यूपूर्वी अनेक वर्षे येऊन राहत असे, कविता रचत असे. बांधकामाच्या सक्तीला कंटाळून 1866 मध्ये मजुरांनी बंड केले, ही या रम्यतेची दुसरी बाजू. सम्राट 1883 मध्ये वारला, आणि त्याचा देह त्या समाधीत नसून अज्ञात ठिकाणी पुरला आहे, अशी तिथली परंपरा सांगते. तरीही कोणी त्या स्थळाला रिकामे म्हणत नाही, कारण तळे भरलेले आहे आणि झाडे राखलेली आहेत. ह्वेची स्मारके 1993 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तिथल्या समाधिस्थळांची आखणीच डोंगर आणि नदी यांच्या संदर्भात झालेली असल्यामुळे इमारत एकटी जपून भागत नाही.

बऱ्हाणपुरात मात्र जपणुकीचा अर्थ बहुतांशी दगड आणि चुना एवढाच राहिला आहे. उतावळी नदीकाठचा शाहनवाजखानाचा मकबरा, ज्याला लोक काळा ताजमहाल म्हणतात, आणि शुजाची बेगम बिल्किस हिची आतून रंगचित्रांनी नटलेली, खरबुजाच्या आकारामुळे ओळखली जाणारी कबर, या वास्तू आवर्जून पाहाव्यात अशाच आहेत. पण जुन्या कबरीभोवतीची हिरवळ टिकवायची तर पाणी आणि रोजचे हात लागतात, हे शहराजवळच्या लोधीपुऱ्यातील दर्गा-ए-हकीमीत अधिक स्पष्ट दिसते. अठराव्या शतकातील दाऊदी बोहरा संत अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांच्या या दर्ग्याची बाग नीटनेटकी आहे, कारण तिथे भाविक सतत येतात आणि समाज तिची निगा राखतो. पाण्याचेही उदाहरण याच शहरात आहे. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे भूजल भुयारी बोगद्यांत अडवून, ठरावीक अंतरावरच्या विहिरींसारख्या कुंड्यांच्या रांगेतून नुसत्या उताराच्या बळावर शहराला पोहोचवणारा कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास बांधला गेला, आणि त्यात अजून पाणी वाहते.

ज्या शहराने चारशे वर्षे जमिनीखालचे पाणी वाहते ठेवले, त्याला नदीपलीकडची एक बाग जगवणे अशक्य नाही. म्हणून आहूखान्याच्या दुरुस्तीचा आराखडा जेव्हा केव्हा हाती घेतला जाईल, तेव्हा त्यात पहिला खर्च जुन्या पाण्याच्या वाटा शोधून मोकळ्या करण्यावर आणि खानदेशच्या उन्हात तगणारी झाडे लावण्यावर व्हावा, त्या झाडांना पाणी घालणारे माळी जैनाबादमधूनच कायमचे नेमले जावेत, आणि बागेतल्या बारादरीच्या, म्हणजे अनेक दारांच्या मंडपाच्या, भिंतींचे काम त्यानंतर सुरू व्हावे.