चित्रं भिंतीजवळ आहेत

मराठीत कावळा भिंतीवर बसतो, पाल भिंतीवर असते आणि चित्रही भिंतीवरच टांगतात. शब्द तिन्ही ठिकाणी एकच, ‘वर’. पण कावळा बसतो तिथे चित्र टांगून बघा! आपल्याला यात काही अडचण वाटत नाही, कारण बोलणं ऐकताना आपण शब्दांपेक्षा बोलणाऱ्याचा रोख ऐकतो.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर एक निबंध लिहिला. ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली ती तिथून. त्या अकरांत जॉन नावाचा एक मुलगा आहे. घरातल्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल वडील काहीतरी बोलले आणि जॉन अस्वस्थ झाला. त्याने त्यांची चूक सुधारली : चित्रं भिंतीजवळ आहेत. इंग्रजीतला ‘ऑन’ त्याच्या लेखी माथ्यावरचा, कावळ्याचा. आल्फ्रेड नावाच्या दुसऱ्या मुलाला एक चित्र दाखवून ते कशाबद्दल आहे असं विचारलं. या प्रश्नात इंग्रजीत जो ‘अबाउट’ येतो, त्याचाच आणखी एक अर्थ ‘आसपास’ असा आहे. आल्फ्रेडने तो उचलला आणि सांगितलं, माणसं ‘अबाउट’ आहेत.

कॅनर यांनी ही उत्तरं लक्षणं म्हणून नोंदवली. या मुलांच्या मनात शब्दाचा अर्थ एकदा बसला की तो हलत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जॉन विनोद करत होता असं मीही म्हणत नाही; बहुधा नव्हता. पण हीच वाक्यं रंगमंचावरच्या एखाद्या पात्राने म्हटली असती तर सभागृह हसलं असतं, आणि ते हसू नाटककाराच्या खात्यावर जमा झालं असतं. आपल्या घरांतही हे चालतंच. ‘जरा दुधाकडे लक्ष ठेव’ म्हटलं, म्हणून लक्ष ठेवलं, आणि दूध कसं उतू गेलं ते नीट पाहिलं! हा किस्सा प्रत्येक कुटुंबात कुणा ना कुणाच्या नावावर असतो. ठाऊक असून केलं की मिश्कील, ठाऊक नसताना केलं की बावळट. वाक्य किंवा कृती तीच असते. फरक आपण त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय असं समजतो, त्यात असतो. ऑटिझम असलेल्या माणसांच्या विनोदबुद्धीबद्दल गेली ऐंशी वर्षं जे लिहिलं गेलं, त्याचा बराचसा घोळ इथेच आहे.

पहिला निकाल १९४४ साली व्हिएन्नात लागला. हान्स आस्पर्गर यांनी आपल्या निबंधात या मुलांना विनोदबुद्धी नसते असं नोंदवलं, आणि थट्टा त्यांच्यावरच बेतलेली असली तर ती त्यांना विशेषच कळत नाही, अशी पुस्तीही जोडली. मोकळेपणा आणि माणसांची खोल समज यांतून खरा विनोद येतो, असा त्यांचा विचार होता. गंमत अशी की त्याच निबंधात ते कबूल करतात की ही मुलं शब्दांशी खेळण्यात पटाईत असतात. साध्या नादखेळापासून नेमक्या, खरोखर चमकदार शेऱ्यांपर्यंत त्यांची मजल जाते. म्हणजे मुलं हसवत होती. फक्त त्या हसवण्याला ‘खरा’ विनोद म्हणायला डॉक्टर तयार नव्हते.

मराठी वाचकाला ही प्रतवारी जरा खटकावी. कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. असा वारसा मिरवणाऱ्या भाषेत कोटी ही काही हलक्या दर्जाची गोष्ट नाही. कोटीला नाक मुरडणारे आपल्याकडेही आहेत, पण कोटी करणाऱ्याला विनोदबुद्धीच नाही असं म्हणायची हिंमत त्यांच्यातल्या कुणाचीही होणार नाही.

आस्पर्गर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं प्रसिद्ध केली. नाझी राजवटीत अपंग मुलांना जिथे मारलं जात होतं त्या ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत काही मुलांना पाठवण्याची शिफारस आस्पर्गर यांनी केली होती, हे त्यांतून दिसतं. स्वतःवरच्या थट्टेला हसता न येणं हा त्याच व्हिएन्नात, १९४४ साली, मुलाचा दोष म्हणून लिहिला गेला.

तिकडे कॅनर मात्र ऐकत राहिले होते. १९४६ साली त्यांनी या मुलांच्या ‘असंबद्ध’ बोलण्यावर वेगळा लेख लिहिला, आणि या सगळ्या साहित्यात मला तो सर्वांत प्रिय आहे. डोनाल्ड नावाचा मुलगा रंगकांड्या गिरवता गिरवता पुन्हा पुन्हा म्हणायचा की अ‍ॅनेट आणि सेसिल मिळून जांभळा होतो. ऐकणाऱ्याला बडबड वाटावी असंच ते होतं. उलगडा झाला तो असा : त्याच्याकडे घरी रंगांच्या पाच बाटल्या होत्या. १९३४ साली कॅनडात जन्मलेल्या दिओन घराण्यातल्या पाच जुळ्या बहिणी तेव्हा जगप्रसिद्ध होत्या. डोनाल्डने प्रत्येक बाटलीला एकेका बहिणीचं नाव दिलं होतं. निळी ती अ‍ॅनेट, लाल ती सेसिल. निळा आणि लाल मिसळला की जांभळा होणारच! रूपक अगदी बिनचूक होतं, पण त्याची किल्ली डोनाल्डच्या घरात होती. एरवी कवी आपली किल्ली वाचकाच्या हाती लागेल अशी कुठेतरी ठेवतो. डोनाल्डने ती ठेवली नव्हती, इतकंच.

पण कॅनर यांचा तो धागा पुढे फारसा कुणी ओढला नाही. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक प्रयोग केला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन ती काढून डब्यात लपवते. परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? ऑटिझम असलेल्या वीस मुलांपैकी सोळा जणांनी, गोटी आता जिथे आहे ती जागा दाखवली. सॅलीला हे ठाऊक नाही, हे त्यांनी धरलंच नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्यात ही मुलं कमी पडतात, हे सूत्र त्यातून आलं आणि पुढची पंचवीस वर्षं तेच गाजलं. विनोदाला ते चपखल बसवताही आलं. बोलतोय एक, म्हणायचंय दुसरंच, आणि ते ऐकणाऱ्याला कळेल हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, या तीन मजल्यांवर उपरोध उभा असतो. तळमजल्यावरच अडलेला माणूस वर कसा जाणार?

हे सूत्र खोटं नव्हतं. त्याने झाकलं मात्र बरंच. १९८७ साली व्हॅन बूर्गाँडियन आणि मेसिबॉव्ह यांनी ऑटिझम असलेल्या प्रौढांच्या एका गटात सांगितले जाणारे विनोद टिपले. तिथे अगदी बाळबोध विनोद होते, तसे बऱ्यापैकी अवघडही. आंद्रेआ सॅमसन आणि मिखाएल हेगेनलोह यांनी २०१० साली व्यंगचित्रं दाखवून पाहिली. चित्रातच दोन अर्थ दडलेले असतील तर ऑटिझम असलेल्यांत आणि इतरांत फरक दिसला नाही. चित्रातल्या पात्राच्या गैरसमजावर विनोद उभा असेल तिथे मात्र दिसला.

मला सर्वांत विचार करायला लावतं ते वासुदेवी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००२ सालचं काम. त्यांनी छोट्या मुलांचं घरातलं हसणं पाहिलं. ऑटिझम असलेली मुलं भरपूर हसत होती. ती दुसऱ्याच्या हसण्यात क्वचित सामील होत, आणि आपल्या एखाद्या करामतीला कुणी हसलं तर पुन्हा हसवण्यासाठी ती करामत सहसा परत करत नसत. ‘स्वमग्न’ या आपल्या शब्दाची आठवण इथे होते. मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून ‘ऑटिझम’ ही मूळ संज्ञा घडवली. मराठीने तिला ‘मग्न’ जोडून जरा अध्यात्माचा वास दिला. या मुलांकडे हसू आहे, पण ते वाटून घेतलं जात नाही. आता हे न वाटणं फक्त मुलाकडून आहे का? एकटंच खुदकन हसणाऱ्या मुलापाशी बसून ‘काय रे, काय गंमत झाली?’ असं आपल्यापैकी किती जण विचारतात? बहुतेकदा ‘उगाच हसू नकोस’ हेच त्याच्या वाट्याला येतं.

हा प्रश्न उघडपणे मांडला तो २०१२ साली डेमियन मिल्टन यांनी. ते समाजशास्त्राचे अभ्यासक आणि स्वतः ऑटिस्टिक. न समजणं ही एकाची उणीव नसून दोघांमधली दरी आहे, असं त्यांचं म्हणणं : त्यांना आपण कळत नाही, तसेच आपल्यालाही ते कळत नाहीत. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटाने एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गोष्ट सांगत न्यायचा प्रयोग केला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत गळती जास्त झाली. लोकांनी हा निकाल डोक्यावर घेतला. त्याच गटाने नंतर तीनशेहून जास्त माणसांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा २०२५ साली हाती आलं की मिश्र साखळीही मागे पडली नाही. आधीची सुंदर आकृती थोडी विस्कटली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ऑटिस्टिक लोकांचा म्हणून एक खास, शुद्ध, निरागस विनोद असतो असं म्हणणं हे त्यांना विनोद नसतो या म्हणण्याचंच सणासुदीचे कपडे घातलेलं भावंड आहे. शिवाय या बहुतेक अभ्यासांत बोलकी, चाचणी देऊ शकणारी माणसंच येतात. जी बोलतच नाहीत त्यांच्या हसण्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे.

दरम्यान ऑटिस्टिक माणसं स्वतःच रंगमंचावर चढली होती. अमेरिकेतल्या चौघांनी ‘आस्पर्गर्स आर अस’ नावाची विनोदी मंडळी काढली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता तर्कटपणा आणि शब्दखेळ करणं हा त्यांचा खाक्या. प्रेक्षकांनी कौतुकाने नव्हे, विनोदाला हसावं ही त्यांची अट. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी २०२० सालच्या ‘डग्लस’ या कार्यक्रमात शाळेतला एक किस्सा सांगितला. बाई इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं शिकवताहेत, त्यासाठी एक खोकं आणि एक पेंग्विन कल्पिलेला, आणि लहानग्या हॅनाला त्या पेंग्विनविषयी एकामागून एक रास्त शंका येताहेत. जॉनची भिंत सत्त्याहत्तर वर्षांनी पुन्हा आली. या खेपेला गोष्ट सांगायला डॉक्टर नव्हता, आणि सभागृह हसत होतं.

स्वतःवरच्या थट्टेचं काय? सॅमसन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लोकांच्या हसण्याचं भय मोजलं. आस्पर्गर सिंड्रोमचं निदान झालेल्यांपैकी ४५ टक्के लोकांत ते थोडंफार तरी आढळलं; इतरांत ६ टक्के. शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्याच्याभोवती कोंडाळं जमतं त्याला ही आकडेवारी वाचायची गरज नाही. थट्टा कळत नाही असं ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं होतं, त्यांतल्या अनेकांना ती चांगली कळत होती. तिच्यात हसण्यासारखं त्यांना काही सापडलं नव्हतं.

रंगांना बहिणींची नावं देणारा तो डोनाल्ड मोठा होऊन मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या आपल्या गावात बँकेत नोकरी करत राहिला, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि २०२३ साली वारला. ओळखीच्या माणसांना क्रमांक द्यायची त्याला सवय होती. भेटलेल्या माणसाला तो एक आकडा देऊन टाकायचा, आणि कितीही वर्षांनी गाठ पडली तरी तुमचा आकडा अचूक सांगायचा. कारण कधी सांगितलं नाही. कॅनर यांच्या निबंधात पहिल्याच पानांवर त्याची हकीकत आहे, आणि तिच्यावर मथळा आहे : केस १.