हुंगलेले फूल

देवपूजेच्या फुलांविषयी आपल्या घराघरांतून पाळला जाणारा एक दंडक असा आहे की, वास घेतलेले फूल देवाला वाहू नये. आणि शिळे, किडीने खाल्लेले, भुईवर पडलेले फूल वर्ज्य मानणाऱ्या इतर दंडकांच्या सोबतीने तो येत असल्यामुळे, प्राजक्ताला भुईवर पडण्याची सूट देणारी माणसेही या एका बाबतीत कोणाला सवलत देत नाहीत. लहान मूल परडीतले फूल नाकाशी नेऊ लागले की त्याचा हात धरला जातो, आणि धर्माचा हा पहिला धडा त्याला मिळतो की जे सुंदर आहे त्याच्यापासून देवासाठी दूर राहावयाचे असते. हा धडा खरा आहे काय, हा प्रश्न मला फाल्गुन सरता सरता दरवर्षी नव्याने पडतो.

कारण त्या दिवसांत हा दंडक पाळणे मुळातच अशक्य होऊन बसते. मोगल दफ्तरात गुलशनाबाद या नावाने नोंदलेल्या या आमच्या नाशकात थंडी उशिरापर्यंत रेंगाळते. द्राक्षांचा हंगाम आटोपत आला तरी पहाटे अंगावर काही घ्यावेसे वाटते, आणि मग एखाद्या आठवड्यात हवा अशी पालटते की अंगणातली सगळी झाडे जणू एकाच हुकमाची वाट पाहत होती असे वाटावे. पानांवाचून महिनोन् महिने उभ्या असलेल्या देवचाफ्याच्या बोडक्या फांद्यांच्या टोकांशी पांढरे-पिवळे घोस येतात. कुंपणावरची मधुमालती पहिल्या दिवशी पांढरी, मग गुलाबी, मग लाल होत एकाच झुपक्यात आपले तिन्ही वयांचे रंग दाखविते. दारच्या कडुनिंबाचा बारीक मोहोर ओसरीवर पडतो. आणि संध्याकाळ झाली की मोगऱ्याच्या व मदनबाणाच्या कळ्या उमलून त्यांचा गंध, कोणी त्यांच्याजवळ जावो अथवा न जावो, खिडकीवाटे थेट देव्हाऱ्यापर्यंत पोहोचतो. पहाटे परडी घेऊन मी त्या झाडाशी जातो तेव्हा रात्रभर मी त्याचाच श्वास घेतलेला असतो. मग हे फूल हुंगलेले की न हुंगलेले?

दंडकामागचा भाव मी हलका लेखीत नाही. उत्तम ते आधी देवाला आणि मग आपल्याला, हा नैवेद्याचा न्याय फुलाला लावलेला आहे, आणि हाव आवरण्याचा त्याहून सोपा अभ्यास दुसरा नसेल. परंतु अन्न चाखले म्हणजे तेवढे कमी होते. फुलाचा वास घेतल्याने फुलातले काय कमी होते? पहाटेपासून त्याच फुलात मुक्काम ठोकून मध घेऊन गेलेल्या भुंग्यामुळे कोणी ते फूल बाद करीत नाही. भुंग्याचा उपभोग चालतो आणि माणसाचा तेवढा चालत नाही, याचा अर्थ दोष उपभोगात नसून माणसातच कोठेतरी आहे असे हा दंडक नकळत सांगतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर संतोष मानला आणि अट घातली ती केवळ भक्तीची. माणसाच्या आनंदाने फूल उष्टे होते, असे तेथे कोठे म्हटलेले नाही.

तमिळ देशी श्रीविल्लिपुत्तूर येथे पेरियाळ्वारांनी तुळशीच्या बागेत सापडलेली मुलगी वाढविली, ती आंडाळ, तिचेच दुसरे नाव गोदा. वडिलांनी देवासाठी गुंफलेला हार ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाही. ते कळताच व्यथित झालेल्या वडिलांनी नवा हार केला; पण देवाने स्वप्नात येऊन तिने घातलेलाच मागितला, अशी कथा आहे, आणि आंडाळने धारण केलेला हार तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवाला पाठविण्याची वहिवाट आजही चालू आहे. एखाद्या संप्रदायाने आपल्या परमदैवताच्या उत्सवात उपभोगलेले फूल इतक्या मानाने स्वीकारावे, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

माणसाच्या श्वासाने फूल विटाळते ही कल्पना वाढत गेली की ती फुलापाशी थांबत नाही, म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर मी इतका अडून बसलो आहे. २ मार्च १९३० रोजी, म्हणजे याच फुलांच्या दिवसांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या येथल्याच कार्यकर्त्यांच्या बळावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हजारो माणसांसमोर मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. आत वासंतिक नवरात्राची आरास होणार, पंचवटीतला मोगरा नेहमीसारखाच फुलणार, आणि ज्या हातांनी कदाचित तो लावला, शिंपला, खुडला, त्या हातांना मात्र तो रामाच्या पायांवर ठेवण्याची मनाई! वास घेतलेले फूल आणि स्पर्शिलेले फूल, दोहोंना नाकारणारा विचार एकच आहे. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली.

त्यांच्यामागून १९५६ साली बुद्धाकडे गेलेल्या समाजातील माणसे आज बुद्धासमोर फुले ठेवतात. त्यांच्या पुष्पपूजेत, हे फूल जसे कोमेजेल तसाच हा देहही विनाशाकडे जाईल, असे चिंतन असते. शुचितेचा सारा प्रश्नच तेथे विरून जातो. फूल कोणी हुंगले, कोणी शिवले, यापेक्षा ते वाहताना मनाला काय उमगले याला महत्त्व येते. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत, जेथे सातवाहनांनी व क्षत्रपांनी भिक्खूंना दिलेल्या दानांचे लेख दगडात अजून वाचता येतात, तेथे उभे राहिल्यावर हे चिंतन मला विशेष जाणवते. अनित्यतेच्या या स्मरणाने फुलाचा आनंद उणावतो, असे काहींना वाटते. मला उलट अनुभव आहे. एका रात्रीचे आयुष्य असलेल्या मोगऱ्याचा वास उद्यावर टाकता येत नाही, हे ज्याला नीट समजले तोच तो वास पुरता घेतो. लोभ असतो तो उद्यासाठी साठविण्याचा. जे साठविताच येत नाही त्याच्या भोगात लोभाला जागाच उरत नाही, आणि म्हणून विरक्तांनी ज्याची धास्ती घ्यावी असे वसंताच्या फुलांत काही नाही, असे मला वाटते.

आमच्या घरी बालपणीच वैधव्य येऊन माहेरी परतलेल्या एक आत्याबाई होत्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे सगळे गजरे त्यांनी करावयाचे, आणि स्वतः एक कळीही माळावयाची नाही, असा त्या काळचा शिरस्ता होता. मी एकदा अजाणतेपणी विचारले, ‘‘आत्या, तू का गं माळत नाहीस?’’ तेव्हा ओवता ओवता त्या म्हणाल्या, ‘‘अरे, उन्हाळाभर अंगणात मी यांच्या शेजारीच तर निजते.’’ या उत्तरात कोणी तृप्ती पाहील; मी पाहत नाही. एका माणसाच्या वाट्याचा आनंद धर्माच्या नावाने जप्त झाला होता, आणि त्यातूनही जे वाऱ्यावर तिच्यापर्यंत आले ते रोखणे कोणाच्या हाती नव्हते, एवढेच ते उत्तर सांगते.

म्हणून आता मी मोगऱ्याचा वास मनसोक्त घेतो आणि तीच फुले देवाला वाहतो. जो आनंद मला झाला तोही त्यांच्यासोबत त्याच्याकडे जावा, याहून निराळा संकल्प मला सुचत नाही. घरातील थोरांना हे मान्य नाही, आणि त्यांची परडी वेगळी असते.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणाऱ्या ज्या ऋषीवरून आमच्या नदीला गौतमी म्हणतात, त्याच नावाने प्रसिद्ध असलेल्या धर्मसूत्रात वेलींची व झाडांची फुले कोणीही स्वतःची समजून घ्यावीत अशी मोकळीक दिलेली आहे. पहाटे फिरायला निघालेली माणसे देवासाठी म्हणून माझ्या भिंतीवरून बाहेर झुकलेला चाफा खुडून नेतात, आणि शेजारी त्याबद्दल तक्रार करतात. माझी तक्रार नाही. मदनबाणाच्या कोवळ्या फांद्या मात्र ओरबाडू नयेत, आणि लहान मुलांना हात लागेल इतक्या उंचीवरची चार फुले तशीच राहू द्यावीत, एवढे मी फाटकाशी उभा राहून त्यांना सांगतो.