पोशिंद्याचे ऋण

मनुष्याने ज्या जनावरांना आपल्या दाराशी बांधले त्यांच्याशी असलेल्या निव्वळ उपयोगाच्या संबंधाला त्याने कालांतराने कृतज्ञतेचे रूप दिले. गाय दुभते म्हणून ती माता ठरली, बैल औत ओढतो म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपाने मळले जाऊ लागले, आणि मालक व जनावर यांच्यामध्ये मालकी हक्काखेरीज आणखीही काही आहे याची आठवण निदान वर्षातून एकदा घराघराला होत राहिली. परंतु ज्या प्राण्याचा असा कोणताही सण नाही, जो केवळ देखणा म्हणून काचेच्या पेटीत ठेवला जातो, आणि पिल्लांना गिऱ्हाईक आहे म्हणून ज्याच्याकडून मोसमामागून मोसम वीण घेतली जाते, त्याच्या पोषणाची जबाबदारी धर्माच्या कोणत्या सदरात घालावयाची? ती दया आहे, दान आहे, की ऋणफेड आहे? लेपर्ड गेको या पालीच्या मादीची निगा कशी राखतात हे पाहताना हा प्रश्न मला पडला, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही असे माझे मत आहे.

एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील या पालीचे प्रथम वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील रुक्ष, खडकाळ मुलूख ही तिची जन्मभूमी. आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या माळरानांतही तिची एक सख्खी बहीण राहते, आणि तिने तिथेच राहावे. भिंतीवरच्या पालीसारखी हिच्या बोटांना चिकटणारी गादी नसते, उलट त्या पालीला नसलेल्या हलत्या पापण्या हिला असतात, आणि दुष्काळाची तरतूद म्हणून ती आपल्या जाड शेपटीत चरबी साठवून ठेवते. पालीची दखल आपल्या परंपरेने घेतली नाही असे नाही. पंचांगात पल्लीपतनाची, म्हणजे अंगावर पाल पडण्याची, फळे दिलेली असतात, कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात सोन्यारुप्याच्या पालींना स्पर्श करण्यासाठी भाविकांची रीघ लागते. पण ती दखल शकुनाची, आपल्या शुभाशुभाची. पालीचे आपल्यावर काही देणे निघते काय, हा विचार तेथे नाही.

ते देणे कसे निघते हे समजण्यासाठी तिच्या देहात काय घडते ते पाहावे लागते. गाभण मादीला अलगद तळहातावर घेऊन तिचे पोट खालून पाहिले, तर पातळ त्वचेतून दोन लांबट, फिकट गुलाबी-पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. एका खेपेस बहुधा दोन, आणि एका मोसमात अशा अनेक खेपा. पिल्लाची हाडे घडविण्यास लागणारे कॅल्शियम मुख्यतः अंड्याच्या बलकातून येते, बलकात ते मातेच्या रक्तातून येते, आणि तिच्या अन्नातून ते पुरेसे मिळाले नाही तर शरीर ते तिच्याच हाडांतून काढून घेते. रातकिडे, पिठातल्या अळ्या, झुरळे हेच तिचे अन्न, आणि या कीटकांच्या अंगी फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो, अंडी बाहेर टाकण्याइतके बळ स्नायूंत राहत नाही, आणि ती पोटातच अडकून मादी प्राणास मुकते. म्हणून जाणता पाळणारा कीटकांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतो, ते कॅल्शियम अंगी लागावे यासाठी ड जीवनसत्त्व बेताने देतो (बेताने, कारण त्याचा अतिरेकही घातक असतो), अन्न पचावे म्हणून पेटीची एक बाजू बत्तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवतो, आणि अंडी घालण्यासाठी ओलसर शेवाळाची डबी आत ठेवतो. पेटीच्या कोपऱ्यात नुसत्या कॅल्शियमची एक लहानशी वाटीही असते. मादी तिच्यापाशी आपण होऊन येते, ती पांढरी भुकटी जिभेने सावकाश चाटते आणि परत जाते.

त्या वाटीतील भुकटीला दान म्हणण्यास माझे मन धजत नाही. दान द्यावयाचे ते आपले असावे लागते. येथे तर मालकाने पिल्लांच्या रूपाने जे तिच्या अस्थींतून उचलले तेच त्याला परत भरावयाचे आहे. आपल्या गृहस्थधर्मात भूतयज्ञ आहे. कावळ्याला, कुत्र्याला, मुंगीला रोजच्या अन्नातील वाटा काढून ठेवावा असे तो सांगतो, आणि त्याची थोरवी मला मान्य आहे. परंतु कावळ्याला दहा दारे असतात. आपल्या दारी घास मिळाला नाही तर तो शेजारच्या दारी जातो, आणि म्हणूनच त्याला दिलेला घास हे औदार्य ठरते. पेटीतल्या मादीला दुसरे दार नाही; ते आपणच बंद केले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या नीतिशास्त्रात प्राण्यांशी सदय वागण्याचे कारण असे दिले जाते, की क्रौर्याच्या सवयीने मनुष्य मनुष्याशीही निष्ठुर होतो, म्हणजे ते कर्तव्य अखेर मनुष्यजातीप्रत. हा विचार येथे मला अपुरा वाटतो. ज्याच्याकडून कर्ज घेतले त्यालाच ते फेडावयाचे असते, आणि त्या मादीची थकबाकी कोणा त्रयस्थाच्या नावावर जमा करता येत नाही.

या बाबतीत मला सर्वांत सूक्ष्म दृष्टी जैन आचार्यांची वाटते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला बाध आणणारे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत मारहाण आहे तशीच अन्नपाण्याची कोंडीही आहे, आणि शक्तीबाहेर भार लादणे, अतिभारारोपण, हेही आहे. तेथे डोळ्यांपुढे ओझ्याचा बैल असणार. परंतु भार पाठीवरच असतो असे नाही. वर्षाची न झालेली, वजनाने पुरती न भरलेली मादी नराजवळ सोडणे, शेपटी बारीक होत चालली असूनही आणखी एका खेपेची वाट पाहणे, हे अतिभारारोपणच होय; त्यात चाबूक नाही, आरोळी नाही, आणि म्हणूनच करणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत नाही. शिवाय नर वेगळा केल्याने हा भार तत्काळ उतरतही नाही, कारण मादी वीर्य शरीरात साठवून पुढे कित्येक आठवडे फलित अंडी घालू शकते, आणि नर नसतानाही काही माद्या वांझ अंडी घालतात. त्या वांझ अंड्यांचे पैसे होत नाहीत. पण तिच्या देहावर त्यांचा बोजा पडतोच, आणि म्हणून अशा मोसमातही तिला पुरता खुराक दिला पाहिजे.

परंतु त्याच आचार्यांची दृष्टी आपल्याला एका कठीण जागी आणून सोडते. कृमी, मुंगी, भ्रमर, मनुष्य अशा क्रमाने त्यांनी जीवांची इंद्रिये मोजली, आणि त्या हिशेबाने पंचेंद्रिय पालीला जगविण्यासाठी आपण चतुरिंद्रिय जीव तिच्यापुढे जिवंत टाकतो. गुजरातेतील काही पांजरपोळांत जीवातखाना असे, तेथे धान्यातील किडेदेखील मरू नयेत म्हणून जपून ठेवीत. त्या श्रद्धेच्या माणसाला आपण काय सांगणार? त्यातही मन विशेष अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की मादीला सकस अन्न मिळावे म्हणून त्या किड्यांना आधी एक-दोन दिवस पालेभाजी, गाजर, कॅल्शियम चारून पुष्ट करावे लागते. पाल निसर्गतः कीटकभक्षी आहे, तिला शाकाहार शिकविता येत नाही, आणि तिला उपाशी ठेवणे ही अहिंसा नव्हे. येथपर्यंत उत्तर सोपे आहे. पण पाळलेली मादी पंधरा-वीस वर्षे जगू शकते, आणि तिचे प्रत्येक पिल्लू आपल्या आयुष्यात हजारो कीटक खाणार असते. तेव्हा हिंसेचा निर्णय चिमट्यात किडा धरण्याच्या क्षणी होत नाही, तो नर-मादी एकत्र सोडताना होऊन गेलेला असतो. म्हणून विवेकाची खरी जागा तीच, आणि ज्याला पिल्लांसाठी चांगली घरे आधीच ठाऊक नाहीत त्याने वीण घेऊच नये असे मी स्पष्ट म्हणेन.

रंगाच्या हव्यासाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे वादाला जागा नाही. लेमन फ्रॉस्ट नावाचा एक पिवळाधमक वाण माणसाने निवडीने वाढविला. त्या रंगाशी निगडित असलेल्या जनुकदोषामुळे अशा पालींच्या त्वचेत अर्बुदे होतात, हे २०२१ साली संशोधनाने दाखविले. एनिग्मा नावाच्या वाणातील पाली तोल जाऊन गोल गोल फिरतात. अशा मादीला कितीही उत्तम चारा घातला तरी तिच्या पोटी जे जाणूनबुजून दिले त्याची भरपाई होत नाही.

उरतो तो म्हाताऱ्या मादीचा प्रश्न. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभा राहिला तेव्हापासून भाकड जनावराचीही सोय लावावी ही कल्पना या शहराच्या परिचयाची आहे. पण पालींच्या बाजारात वीण संपलेली मादी स्वस्तात विकून टाकण्याचा रिवाज आहे. तिला विकूच नये असा माझा आग्रह नाही, कारण नवे घर कधी कधी जुन्यापेक्षा चांगले असते. मात्र देणाऱ्याने घेणाऱ्याला तिच्या झालेल्या खेपा, त्या काळातील वजने, अडकलेल्या अंड्यांचा इतिहास आणि जबड्याची सद्यःस्थिती हे सारे लेखी द्यावे, तिची शेपटी भरलेली असतानाच तिला हवाली करावे, आणि नव्या घरात नर असेल तर तो व्यवहार तेथेच मोडावा.