फळीवरची माणसे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चित्रांचे एक पुस्तक हाती आले. त्यातले एक चित्र मला इतके आवडले, की शाळा उघडताच ते मी वर्गात नेले. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे १८७५ च्या सुमाराचे तैलचित्र. पॅरिसजवळ आनिएर येथे सीन नदीच्या काठाला कोळशाच्या नावा लागल्या आहेत. नावेपासून काठापर्यंत अरुंद फळ्या टाकल्या आहेत आणि त्यांवरून मजूर ये-जा करीत आहेत. कुणाची टोपली भरलेली, कुणाची रिकामी. वर पूल, दूरवर कारखान्यांची धुराडी.

मोठ्या उत्साहाने मी मुलांना फळ्यांच्या तिरप्या रेषा दाखविल्या, पावलांचा ताल दाखविला. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ह्यांना मजुरी किती मिळायची?"

विचारणाऱ्या मुलाचे वडील बाजारात हमाली करतात. मी गप्प झालो.

दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे आपल्याला सुंदर दिसावे, हे पाप तर नव्हे? त्या दिवसापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

मोने त्या काळी आर्जांतई गावी राहत असे. याच नदीवरच्या हौशी लोकांच्या पांढऱ्याशुभ्र शिडांची कितीतरी गोड चित्रे त्याने काढली. तेवढ्यावर त्याला थांबता आले असते. पण तो कोळशाच्या काठावरही गेला. मजुरांना त्याने चेहरे मात्र दिले नाहीत. आधी मला तो त्याचा कोरडेपणा वाटला. आता वाटते, लांबून पाहणाऱ्याला हमालाचा चेहरा दिसतोच कुठे? पुलावरून जाणारी माणसेही त्या चित्रात आहेत. आपण बहुधा त्यांच्यातलेच.

सौंदर्याने मला त्या चित्रापाशी थांबविले, हा त्याचा उपकारच. ते नसते तर पान उलटून मी पुढे गेलो असतो. पण थांबल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा तो पाहणाऱ्याने. मी रेषांवरच तृप्त झालो. प्रश्न त्या पोराने विचारला. चूक झाली असेल, तर ती माझ्या त्या तृप्तीत.

आज दारोदारी विजेच्या माळा लुकलुकत आहेत. त्यांतली बरीचशी वीज अजूनही कोळशावरच होते. माळा सुंदर आहेत. डोळे भरून पाहाव्यात. पाहता पाहता त्या पोराचा प्रश्न आठवला, तर तोही सणाच्या घरात येऊ द्यावा.