आधी मैत्री, मग करुणा



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३.

बारावा अध्याय म्हणजे भक्तियोग. अवघे २० श्लोक. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो शाळेत स्पर्धेसाठी पाठ केलेला असतो, आणि मग अर्थाकडे बघायचं राहून जातं. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला सुरुवात करतात. तो किती जप करतो, किती उपवास करतो, इथून ही यादी सुरू होत नाही. पहिलं लक्षण, कोणत्याही जीवाचा द्वेष न करणारा. दुसरं, मैत्र, म्हणजे सगळ्यांशी मित्रभावाने वागणारा. तिसरं, करुण. मग निर्मम, निरहंकार, सुखदुःखात सारखा, क्षमाशील.

मी हा श्लोक कितीतरी वर्षं म्हणतोय. ‘मैत्र’ आणि ‘करुण’ हे दोन शब्द मी कायम एका दमात म्हणायचो. दोन्हीचा अर्थ ‘चांगलं वागणं’ असाच काहीतरी धरून चाललो होतो. त्या दोन शब्दांमध्ये अंतर आहे, आणि आधी कोणता, नंतर कोणता यालाही अर्थ आहे, हे मला पुस्तकात नाही कळलं. ते खालापूर तालुक्यातल्या एका वाडीमुळे कळलं.

थोडं मागून सांगतो.

आमचा डोंगरातला ग्रुप जमला तो एका फाटक्या बुटामुळे. जुलै महिना, रविवार, पहाटेची कर्जत लोकल, मग आंबिवलीतून कोथळीगडाची चढण. पेठ गाव येईपर्यंत माझ्या उजव्या बुटाचा सोल पूर्ण सुटला. मी ऑफिसच्या लोकांबरोबर आलो होतो, ते पुढे निघून गेले होते. मागून येणारे चारपाच अनोळखी लोक थांबले. एकाने बॅगेतून सुतळी काढली, माझा बूट पायाला पार्सलसारखा बांधला आणि म्हणाला, “आता आमच्याबरोबर चल, हळूच.” त्या सुतळीवर मी गड चढलो. कातळाच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांवर प्रत्येकाने एकदा तरी माझी बॅग धरली. उतरून कर्जत स्टेशनवर वडा खाईपर्यंत आम्ही मित्र झालो होतो. आज त्यातला एक माझ्या मुलाचा लाडका काका आहे.

ज्यांना डोंगराची सवय आहे त्यांना हे नवीन नाही. चढणीवर माणूस लवकर उघडा पडतो. धाप लागली की पद, पगार, कुठल्या कंपनीत, कुठल्या टॉवरमध्ये, सगळं गळून पडतं. बाटलीत शेवटचं घोटभर पाणी उरलेलं असताना ती कोण पुढे करतो, हे दिसतं. शिवाय डोंगराचा एक साधा नियम आहे. ग्रुपचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग असतो. आपल्या बाकीच्या आयुष्यात हा नियम कुठेच नाही. वारीत चालणारे एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात, त्यात मला हाच भाव दिसतो. बरोबर चालण्याने माणसं जोडली जातात, ही आपल्या परंपरेला फार जुनी माहीत असलेली गोष्ट आहे.

आमच्यात एक काका होते. कर्जतचेच, रेल्वेतून रिटायर झालेले. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लावतात, तुम्ही पाहिलं असेल. काका म्हणायचे, “मी ग्रुपचा बँकर.” सगळ्यात शेवटी चालायचे. खांडसहून भीमाशंकरला जाताना शिडी घाटात एखादा घाबरला की काका त्याच्या खाली उभे राहून “पाय ठेव, मी आहे” एवढंच बोलायचे.

काकांची एक सवय आम्हाला तेव्हा थोडी कंटाळवाणी वाटायची. वाटेत कुठल्या वाडीत चहाला थांबलो की आम्ही फोटो काढायचो आणि ते चुलीजवळ जाऊन बसायचे. मुलगी कितवीत आहे, म्हातारीचा गुडघा कसा आहे, नाचणी किती झाली, सासरी गेलेली पोर आली का. आम्ही बूट घालून तयार आणि काका अजून गप्पांत. आम्ही ओरडायचो, “काका, उशीर होतोय!”

अशाच एका वाडीत आम्ही पाचसहा वर्षं जात होतो. इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी. चौकजवळून निघायचं, मोरबे धरणाचं पाणी दिसत राहतं, चढून गेलं की ठाकर आदिवासींची ती वाडी. तिथे दम खायचा आणि मग वरच्या सुळक्याकडे, नेढ्याकडे जायचं. परत येताना एका घरी जेवण ठरलेलं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. वाढणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो.

१९ जुलै २०२३. अधिक श्रावण नुकताच लागला होता. मी अधिक महिन्याचा नियम म्हणून रोज बारावा अध्याय म्हणायला घेतला होता. त्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा वाडीवर आला. सकाळी फोन उघडला तर सगळ्या ग्रुपवर तेच.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. जी पायवाट आम्हाला रविवारची मजा होती, तीच मदतीची एकमेव वाट होती. रात्रीच्या अंधारात, पावसात, चिखलातून माणसं पायी वर गेली. गावोगावचे लोक, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक, पोलीस, मग एनडीआरएफचे जवान. मोठी यंत्रं वर नेणं शक्य नव्हतं, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उकरली. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ती मातीतच राहिली.

त्या गुरुवारी सकाळी मी काकांना फोन केला. “काका, आपल्या मावशी... काही कळलं का?”

काका म्हणाले, “कोणत्या मावशी? नाव सांग. मी यादी करतोय.”

मंडळी, माझ्याकडे नाव नव्हतं.

पाचसहा वर्षं त्या बाईंच्या हातचं खाल्लं होतं. नाव विचारलंच नव्हतं. मी फोनमधले फोटो शोधले. हजारो फोटो. ढग, सुळका, नेढ्यात हात पसरून उभा असलेला मी. त्यांच्या घरचे तीन फोटो सापडले. तिन्हीत चूल आणि भाकरी थापणारे दोन हात. चेहरा एकातही नव्हता. मला भाकरी छान दिसत होती, म्हणून मी भाकरीचा फोटो काढला होता.

तो फोटो मी काकांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन. मनगटावरचं गोंदण बघून त्यांनी ओळखलं, नाव सांगितलं, मुलांची नावं सांगितली. आणि मग रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना ऐकलं.

संध्याकाळपर्यंत कळलं. मावशी वाचल्या. त्यांच्या घरातले सगळे नाही वाचले.

आम्ही सगळ्यांनी मदत केली. पैसे जमवले, तांदूळ, चादरी, ताडपत्र्या पाठवल्या. ते करायलाच हवं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण रात्री बारावा अध्याय म्हणायला बसलो आणि तेराव्या श्लोकावर अडकलो. माझ्याकडे करुणा होती, भरपूर होती. तिच्या आधीचा शब्द मी गाळला होता.

पतंजलींच्या योगसूत्रातही, समाधिपादाच्या ३३व्या सूत्रात, हाच क्रम आहे. तिथे ते आणखी स्पष्ट करतात. जो सुखात आहे त्याच्याशी मैत्री, जो दुःखात आहे त्याच्याबद्दल करुणा. यावर जरा थांबून विचार करा. मैत्रीचा काळ सुखाचा असतो. मावशींच्या घरात चूल पेटलेली होती, पोरं अंगणात खेळत होती, त्यांना आमच्याकडून भाकरीच्या पैशांपलीकडे काही नको होतं. तेव्हा मैत्री करायची होती. तेव्हा मी गिऱ्हाईक होतो. आणि दुःख आल्यावर मी एकदम दाता झालो. मधली पायरी, जिथे दोन माणसं बरोबरीने बसतात, ती मी चढलोच नाही.

करुणा करताना आपण नकळत थोडे उंचावर उभे असतो. देणारा वर, घेणारा खाली. आधी मैत्री झालेली असेल तर ती उंची राहत नाही. म्हणून मला वाटतं भगवंतांनी मैत्र हा शब्द आधी ठेवला. आणि करुणेनंतर लगेच निर्मम आणि निरहंकार ठेवले, कारण मदत करून आल्यावर ‘मी केलं’ हे चिकटतंच. मला चिकटलं होतं. ‘माझे इतके गड झाले’ म्हणणारा मी, ‘आम्ही इतकं सामान पोहोचवलं’ असं म्हणायला लागलो होतो.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर बोलताना पाण्याचं उदाहरण घेतलं आहे. गाईची तहान भागवावी आणि वाघाला मात्र विष होऊन मारावं, असा भेद पाणी करत नाही. मी हे वाचलं तेव्हा मला मोरबे धरण आठवलं. मी नेरूळला राहतो. आमच्या नवी मुंबईच्या नळाला मोरब्याचं पाणी येतं. म्हणजे इर्शाळच्या परिसरातल्या डोंगरांवर पडलेला पाऊस मी रोज सकाळी पितो. त्या पाण्याने माझ्यात आणि मावशींमध्ये भेद केला नव्हता. तो मी केला होता. द्वेष करून नाही. फक्त न बघून. श्लोकातलं पहिलं लक्षण, अद्वेष, माझ्याकडे होतं असं मी म्हणू शकतो. पण द्वेष नसणं आणि मैत्री असणं यांच्यात एक आख्खी चढण आहे.

दिवाळीच्या आधी काका मला चौकला घेऊन गेले. वाचलेल्या कुटुंबांना तेव्हा तात्पुरत्या कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. मी फराळाची पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते कळत नव्हतं. मावशींनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “हा नेहमी दोन भाकऱ्या जास्त खायचा.” आणि मग, “नाव काय रे तुझं?”

विचारायचं मी होतं. विचारलं त्यांनी.

मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, आणि चहा ठेवला. माझी पिशवी कोपऱ्यात तशीच पडून होती. त्या दिवशी त्या घरात पाहुणा मी होतो आणि यजमान त्या होत्या. इतकं गमावलेल्या बाईने मला करुणेचा विषय व्हायला नकार दिला आणि मैत्र या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांचं नाव आता मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, कारण ते लिहून मिरवायचं नाही, हाक मारायला आहे.

आता परत पावसाळा येईल. शनिवार-रविवारच्या कर्जत लोकल भरून जातील. राजमाची, कोथळीगड, सोंडाई, ढाक, कितीतरी वाटा आपल्या पायांची वाट बघतायत. जरूर जा. डोंगरातली मैत्री खरी असते, मी स्वतः एका सुतळीवर ती कमावली आहे. फक्त ती मैत्री आपल्या ग्रुपपाशी संपू देऊ नका. ‘आपला ग्रुप’ हाही एक ‘मम’च आहे, निर्मम व्हायचं ते तिथूनही.

आजचा संकल्प

ज्या घरी पाणी प्याल, त्या घरातल्या एका माणसाचं नाव विचारा आणि आपलं सांगा. पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारा.

जेवणाचे पैसे देताना घासाघीस करू नका, आणि उपकार केल्यासारखे जास्तीचेही फेकू नका. जे ठरलं ते हातात द्या, बसा, दोन शब्द बोला. काकांसारखा थोडा उशीर होऊ द्या.

पाऊस फार झाला असं बातमीत दिसलं, तर एक फोन करा. काही पाठवायला नाही. नुसतं “कसे आहात” विचारायला. हे डोंगरातल्यांसाठीच असंही नाही. आपल्या बिल्डिंगचा वॉचमन, ऑफिसमध्ये चहा देणारे दादा, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई. त्यांच्यावर संकट आलं की आपण पैसे काढतो. संकट नसताना त्यांना किती ओळखतो?

आज रात्री तेरावा श्लोक म्हणताना ‘मैत्र’ या शब्दावर क्षणभर थांबा. ज्यांच्या हातचं आपण खाल्लं, त्यांची नावं आठवून बघा. जिथे नाव आठवणार नाही, तिथे उद्यापासून सुरुवात करायची आहे.

हे देवा, आम्हाला दया करणारे बनवण्याआधी मित्र बनव. आणि जे त्या रात्री मातीत राहिले, त्यांना तुझ्या पायाशी जागा दे.

राम कृष्ण हरी.