ठासणीची बंदूक : वारसा आणि हक्क

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गावांत ठासणीची बंदूक ही नवलाची वस्तू नाही. मालवणच्या किनाऱ्यापासून आत कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या डोंगरपट्ट्यापर्यंत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अनेक घरांत आहे. शेजाऱ्याच्या घरी आहे तशी आपल्याही घरी आहे. आजोबांच्या नावाचा परवाना कपाटातल्या जुन्या कागदांत असतो, आजोबा कब्रस्तानात आणि बंदूक माळ्यावर. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात लोखंड फार दिवस धीर धरत नाही. नळीला गंज चढतो, दस्त्याला वाळवी लागते, घोड्याची कमान ढिली पडते. मग कधी तरी आखातातून सुटीवर आलेला नातू ती खाली काढतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, "ही दुरुस्त करू या. एक तरी बार काढून बघू या."

इच्छा साधी आहे. आपण जुनी पेटी दुरुस्त करतो, जुना पलंग पॉलिश करून घेतो, मग बंदूक का नको? परंतु पेटी दुरुस्त झाली की ती पेटीच राहते, बंदूक दुरुस्त झाली की पुन्हा जीव घेऊ शकते. जिचे मारण्याचे सामर्थ्य काळाने काढून घेतले, तिला ते परत देण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो? आणि दिलेच, तर त्या सामर्थ्याचा जाब कोणी द्यायचा? हा प्रश्न आपल्या समाजाने शांतपणे विचारात घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. काडतुसाची बंदूक मागून भरतात, ठासणीची तोंडातून. मापाची दारू नळीत ओतायची, वर बोळा घालायचा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि हे सगळे गजाने ठासायचे. घोड्याखालच्या बारीक नळकांडीवर केप बसवली की बंदूक तयार. दारू म्हणजे शंभरात साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. केपेच्या आधी चकमकीचा दगड होता, त्याच्याही आधी जळता तोडा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केप आली आणि पावसापाण्यात बार फुसका जाण्याचे प्रमाण कमी झाले.

आपल्याकडची बहुतेक नळी आतून गुळगुळीत असते. नळीला आतून पिळाचे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, तिला रायफल म्हणायचे. 1853 सालच्या नमुन्याची एन्फिल्ड ही अशीच ठासणीची रायफल. तिच्या काडतुसाचा चरबी लावलेला कागद दातांनी फाडावा लागे. त्या चरबीच्या संशयावरून 1857 साली हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र का उठले, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढचा भाग तितका ठाऊक नसतो. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी दिसायला एन्फिल्डसारखीच, पण आतून आटे नसलेली बंदूक काढली. नेम जवळचाच लागावा, दूरचा लागू नये, हा हेतू. पाठोपाठ 1878 चा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय देशी माणसाच्या हाती हत्यार राहिले नाही. कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे राज्यकर्त्यांनी नळीच्या आतल्या रेघांनी ठरवले होते. म्हणून ही बंदूक नुसती शेतीचे अवजार नव्हे. ती माणसावरच्या विश्वासाचा आणि अविश्वासाचा इतिहासही आहे, आणि एवढ्याचसाठी ती भंगारात घालू नये, असे आमचे मत आहे.

आता दुरुस्तीकडे येऊ. माळ्यावरची ठासणीची बंदूक हाती घेताच पहिला प्रश्न पडायला हवा तो तिच्या किमतीचा किंवा वयाचा नव्हे. ती भरलेली आहे का, हा पहिला प्रश्न. काडतुसाची बंदूक उघडून काडतूस काढता येते. ठासणीच्या बंदुकीत एकदा बार ठासला की तो बाहेर काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे उडवणे. रानात काही दिसले नाही, रात्र सरली, शेतकरी तसाच घरी आला आणि बंदूक खुंटीला लावली, असे कितीदा तरी होते. आत दारू कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे टिकते. भरून विसरलेल्या जुन्या बंदुका जगभर सापडल्या आहेत. म्हणून जाणकार माणूस तोंड सुरक्षित दिशेला धरून प्रथम गज नळीत घालून पाहतो. गज जितका आत जायला हवा तितका गेला नाही, तर आत काहीतरी आहे. मग तिला हात न लावता परवानाधारक कारागिराकडेच सोपवायचे.

आम्हाला या साध्या तपासणीत मोठा अर्थ दिसतो. वारसा म्हणून जे येते ते रिकामे येत नाही. आजोबांनी ज्या रात्री बार ठासला, त्या रात्री त्यांच्या मनात काही नियत होती. ते गेले, नियत त्यांच्याबरोबर गेली, बार मात्र नळीत राहिला. नियत नसलेला तो बार आता आपल्या घरात, आपल्या मुलांच्या डोक्यावर आहे. तो आपण ठासला नाही, हे खरे. पण आता तो आपल्या ताब्यात आहे, आणि ताब्यातल्या वस्तूचा जाब ताबेदाराला द्यावा लागतो. अमानत या शब्दाचा आपण एवढा उच्चार करतो, त्याचा अर्थ याहून वेगळा काय आहे?

कायद्यानेही हाच विचार केलेला दिसतो. 1959 च्या शस्त्र कायद्यातून जुनाट घडणीची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली हत्यारे वगळलेली आहेत, पण एका अटीवर : ती दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसावीत. म्हणजे आज ती चालते की नाही हे कायदा विचारत नाही, चालू शकेल का हे विचारतो. गंजलेली म्हणून निष्पाप, ही पळवाट नाही. त्याच कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करणे आणि चाचणी म्हणून उडवून पाहणे यालाही परवाना लागतो. आपल्याकडे रीत अशी, की ओळखीच्या लोहाराला बोलवायचे, "जरा घोडा बसवून दे" म्हणायचे आणि चहापाणी करून पाठवायचे. उद्या काही झाले तर कोणाच्या मागे शुक्लकाष्ठ लागेल? हौस आपली आणि गुन्हा त्या गरिबाचा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे ही म्हण मराठीने अशाच माणसांसाठी घडवली असावी.

आणखी एक गोष्ट उघड बोललेली बरी. आपल्या घरातली बंदूक आणि शेजाऱ्याच्या घरातली बंदूक बाहेरच्या नजरेला सारखीच दिसते, असे आपल्याला नेहमी वाटत नाही. "कशाला नसती कटकट" म्हणून ती जमा करून मोकळे व्हावे, असा विचार मनात येतो. जमा करण्यात गैर काही नाही. परवानाधारक वारल्यावर वारसाने रीतसर कळवून परवाना आपल्या नावावर मागावा, नाहीतर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, हाच मार्ग आहे. पण भीतीपोटी घेतलेला निर्णय आणि विचाराने घेतलेला निर्णय यांत फरक आहे. शेतीच्या खऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागण्याची तरतूद या देशाच्या कायद्यात नागरिकासाठी आहे. त्यात धर्माचा रकाना नाही. कागद चोख ठेवावा आणि मान ताठ ठेवावी.

आता मूळ प्रश्न : दुरुस्त केलेली बंदूक कशावर रोखायची? येथे आपल्या परंपरेत विचाराचा मोठा साठा आहे, आणि त्याची सुरुवात 'बंदूक' या शब्दातच होते. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक गोल कवचाचे फळ. त्याच्या आकारावरून गलोलीसारख्या धनुष्यातून मारायच्या मातीच्या गोळीला तेच नाव पडले, आणि पुढे फारसी-उर्दूतून ते हत्याराचे नाव होऊन मराठीत आले. गंमत अशी, की दारूची बंदूक जन्मण्याच्या कित्येक शतके आधी 'बुंदुक'ने मेलेल्या शिकारीचा प्रश्न आलिमांपुढे होता. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर यांनी अशी शिकार मौकूजा ठरवली, म्हणजे धारेने न कापता ठोक्याने मेलेली, म्हणून खाण्यास वर्ज्य.

दारूची बंदूक आल्यावर वाद पुन्हा उभा राहिला. दमास्कसचे इब्ने आबिदीन म्हणाले, शिशाच्या गोळीला धार नाही, ती जोराने आणि भाजून मारते, म्हणून अशी शिकार हलाल नाही. येमेनचे शौकानी म्हणाले, गोळी शरीर भेदून जाते, म्हणून हलाल. दोघेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारले. म्हणजे दोघांच्या डोळ्यांपुढे होती ती ठासणीचीच बंदूक. प्राणी जिवंत सापडला आणि रीतसर जबह केला, तर वादच उरत नव्हता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारच गुन्हा आहे, तेव्हा हा वाद आज ताटापुरता संपला आहे. पण वादामागची भावना संपलेली नाही. जीव घेताना नुसता परिणाम पुरेसा नाही, कसा घेतला आणि कोणत्या हक्काने घेतला हेही मोजले जाते. एवढीशी गोळी, पण तिच्या धारेवर दोन मोठ्या माणसांनी विचार खर्च केला. आपण ट्रिगर ओढताना किती करतो?

याच इब्ने उमरांची दुसरी हकीगत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरैशांच्या काही पोरांनी एक पक्षी बांधून निशाण केला होता आणि त्यावर ते तीर मारत होते. चुकलेला प्रत्येक तीर पक्ष्याच्या मालकाला द्यायचा, असा ठराव होता. इब्ने उमरांना पाहताच पोरे पांगली. जिवंत वस्तूला निशाण करणाऱ्याचा पैगंबरांनी (स.) धिक्कार केला आहे, हे त्यांनी सुनावले. ध्यानात घ्या, नेमबाजीला विरोध नव्हता. तीरंदाजी शिकण्याला तर उत्तेजनच आहे. मालकाचे नुकसान भरून दिले जात होते, तेव्हा व्यवहारही चोख होता. तरी ते पाप होते, कारण पक्ष्याचा जीव त्या हिशेबात कुठेच नव्हता.

शेतकरी म्हणेल, पुस्तकातले पुरे, माझ्या भाताचे बोला. त्याचे म्हणणे खरे आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणगा उलथून टाकतो, माकडे कोवळे नारळ तोडून टाकतात, गवे काजूच्या रोपांवरून चालत जातात. त्यात निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. त्याचा संताप आम्हाला समजतो. येथे मुसलमान शेतकऱ्याची स्थिती एका बाबतीत निराळी आहे. रानडुक्कर मारून त्याला खायचे काहीच नसते. म्हणून शेतीच्या नावाखाली जिभेची हौस भागवण्याची सबब त्याच्याकडे नाही. भेकरासाठी रात्र जागवणारा माणूस मात्र आपली नियत तपासून पाहो. शिवाय डुकरासाठीही कायदा आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून मारणे गुन्हा आहे, आणि काळोखात डुक्कर समजून माणूस मारला गेल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत.

पिकाच्या नुकसानीचा एक खटला कुरआनातही आला आहे. रात्री दुसऱ्याच्या मेंढ्या शेतात शिरल्या आणि हजरत दाऊद व हजरत सुलेमान यांच्यापुढे न्याय आला. भाष्यकार सांगतात, की दाऊदांनी मेंढ्याच शेतकऱ्याला देऊन टाकण्याचा निवाडा दिला. सुलेमानांचा निवाडा वेगळा होता. मेंढ्यांच्या मालकाने शेत पूर्ववत करून द्यावे आणि तोवर त्यांचे दूध व लोकर शेतकऱ्याने घ्यावी. कुरआनने सुलेमानांच्या समजेचा खास उल्लेख केला. त्या निवाड्यात कोणीच मारले गेले नाही. तेथे दुरुस्ती झाली ती शेताची. आज रानातल्या जनावरांचा धनी कोण? शासनाने त्यांना कायद्याने आपल्या रक्षणाखाली घेतले आहे, तेव्हा मेंढीवाल्याची जागा शासनाची आहे. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी, यासाठी हिंदू-मुसलमान शेतकऱ्यांनी मिळून भांडावे. ते भांडण बंदुकीपेक्षा लांब पल्ल्याचे आहे.

मग नातवाने काय करावे? आमचे उत्तर नकाराचे नाही. त्याने आधी परवान्याचा कागद शोधावा आणि तो आपल्या नावावर मागावा. बंदूक भरलेली नाही याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी. परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्यावी, गंज थांबवावा, पण जुन्या हातांच्या खुणा घासून तिला नवी करू नये. नळी धड नसेल तर तिला मुकीच राहू द्यावे, त्यात आजोबांचा अपमान नाही. धड असेल आणि कायद्याने मुभा असेल, तर मैदानात लाकडाच्या फळीवर बार काढावा. ठासायला मिनिटभर लागते. एकदा उडाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या मिनिटात माणसाला आपल्याच हाताकडे पाहायला वेळ मिळतो. आजच्या हत्यारांनी हा वेळ माणसाकडून काढून घेतला आहे.

बार काढून झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवावी लागते, कारण जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. हे काम उद्यावर टाकता येत नाही. बाराचा आवाज सगळा गाव ऐकतो, धुण्याचे काम कोणी पाहत नाही. ज्याला ते करायचा कंटाळा आहे, त्याने बार काढण्याच्या भानगडीत पडू नये.