दुरून डोंगर

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते. लांबून जे सुंदर दिसतं ते जवळ गेल्यावर खडबडीत, काटेरी, दमवणारं निघतं, असा तिचा सरळ अर्थ. पण तिच्या पोटात आणखी एक दावा आहे. तो डोंगराबद्दल नाही, ज्ञानाबद्दल आहे: लांबून झालेली ओळख ही ओळखच नव्हे, खरं काय ते जवळ गेल्यावरच कळतं. पहिला अर्थ कुणीही मान्य करील. दुसरा मात्र तपासून घ्यायला हवा, आणि त्यासाठी रायपूर ही चांगली जागा आहे. कारण आमचं शहर छत्तीसगडच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरांवर वसलेलं आहे. गच्चीवर चढून चारी दिशांना पाहिलं तरी डोंगर म्हणावा असं काही नजरेस पडत नाही.

अशा या शहरात आमच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांनी पर्वतांचा अभ्यासक्रम केला, तोही घरबसल्या. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१७ मध्ये ‘माउंटन्स १०१’ नावाचा प्राथमिक अभ्यासक्रम कोर्सेरा या संकेतस्थळावर सुरू केला. बारा धडे आहेत. शिकवणारे दोघे: डेव्हिड हिक हे परिसरविज्ञानाचे अभ्यासक, तर झॅक रॉबिन्सन हे इतिहासाचे. पर्वत घडतात कसे, तिथलं हवामान कसं असतं, पाणी कुठून येतं, हिमनद्या कशा सरकतात, हिमकडे कसे कोसळतात, उंचीवर शरीराचं काय होतं, माणसांनी पर्वतांना कोणकोणते अर्थ दिले, असे विषय आहेत. धड्याच्या शेवटी कपडे, बूट, सामान यांबद्दल व्यवहारी सूचना असतात. बरंचसं चित्रण कॅनडातल्या रॉकी पर्वतातलं. पूर्वी कुठल्याही विषयाची तयारी असण्याची अट नाही.

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीपुढचं, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांचं म्हणणं, ‘आता जाणं होणार नाही हे ठरलंच आहे. मग कळणं तरी कशाला सोडू?’ दुसरी कायद्याची विद्यार्थिनी. सुट्टीत पुण्याच्या मावशीकडे गेली की ती सह्याद्रीत भटकते. कळसूबाईला दोनदा जाऊन आली आहे. तिचा अनुभव उलटा. ती म्हणाली, ‘१६४६ मीटर चढले, फोटो काढले, पण पायाखालचा दगड लाव्ह्याचा आहे आणि तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे मला रायपुरात बसून कळलं.’ तिसरे गृहस्थ उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये हिशेब पाहतात. त्यांच्याकडे पुढे येतो. आणि एक शेजारी, ज्यांनी हिमालयात चार-पाच पदभ्रमणं केली आहेत, त्यांनी हा सगळा प्रकार एका वाक्यात निकालात काढला: पलंगावर पडून पोहणं शिकतात का कुणी?

शेजाऱ्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच उरतो, हे वाक्य पाठ करणं वेगळं आणि त्या हवेत एकेक पाऊल उचलणं वेगळं. बस्तरच्या नैना सिंग धाकड २०२१ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचल्या. त्यांच्या फुप्फुसांना जे कळलं ते कुठल्याही धड्यात मावणार नाही. एवढं मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण आपल्याकडच्या तर्कशास्त्राला हा प्रश्न नवा नाही, आणि गंमत म्हणजे त्याने उदाहरण घेतलं तेच डोंगराचं. न्यायदर्शनात अनुमान शिकवताना सांगतात ते हे: समोरच्या पर्वतावर धूर दिसतो आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमान करणारा माणूस पर्वतावर नाही. तो खाली, लांब उभा आहे. त्याला अग्नी दिसत नाही, ऊब लागत नाही, आणि तरीही नैयायिक म्हणतात की त्याला झालेलं ज्ञान खरं आहे, दुय्यम प्रतीचं नाही. हे शक्य होतं कशामुळे? धूर आणि अग्नी त्याने पूर्वी एकत्र पाहिलेले असतात. आणि ते कुठे पाहिले याचं ठरलेलं उदाहरण आहे स्वयंपाकघराचं. डोंगरावरची गोष्ट कळायला आधार लागतो तो घरच्या चुलीचा.

शिक्षिकाबाईंना उंचीचा धडा कळला तो नेमका असाच. कुकरमध्ये दाब वाढवला की डाळ लवकर शिजते, हे त्यांनी पन्नास वर्षं पाहिलेलं. मग दाब कमी झाला तर उलट होणार: पाणी कमी तापमानाला उकळणार. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते सत्तरेक अंशांनाच उकळतं. त्यात डाळ शिजायची नाही. बाईंनी हे आधी ताडलं आणि मग धड्यात ताळा पाहिला. याला दुरून डोंगर साजरे करणं म्हणता येणार नाही.

उपमान या प्रमाणाचं उदाहरणही इथे लागू पडतं. शहरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, तसा प्राणी दिसतो आणि त्याला कळतं, हाच तो. आधी शब्द मिळाला नसता तर पाहूनही त्याला ओळख पटली नसती. कळसूबाईला दोनदा जाऊन आलेल्या मुलीचं हेच झालं होतं, फक्त क्रम उलटा. तिने पाहिलं होतं, सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

तेव्हा जवळ जाणं आणि कळणं या दोन गोष्टी एक नव्हेत. याचा फार कडू पुरावा २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला मिळाला. हजारो यात्रेकरू डोंगराच्या अगदी कुशीत होते. त्यांच्या डोक्यावर, थोड्या अंतरावर, चोराबारी हिमनदीच्या बांधाआड सरोवर भरत होतं. ते फुटलं. जे तिथे होते त्यांतल्या बहुतेकांना वर असं काही आहे याची कल्पना नव्हती. डोंगर त्यांच्याइतका जवळ कुणालाच नव्हता.

इतिहासातही लांबून मिळवलेल्या ज्ञानाचे दाखले आहेत. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ आपलं क्योनिग्जबर्ग शहर आणि त्याचा परिसर सोडून कधी कुठे गेला नाही. आल्प्स त्याने पाहिले नाहीत. तरीही सुमारे चाळीस वर्षं तो भूगोल शिकवत राहिला, आणि १७९० च्या ग्रंथात उत्तुंगतेच्या भावनेबद्दल त्याने जे लिहिलं त्यावाचून त्या विषयाची चर्चा आजही होत नाही. दुसरा दाखला आपल्या देशातला. नेपाळ तेव्हा सर्वेक्षणाला बंद होता. म्हणून बिहारच्या मैदानातून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, एका शिखराकडे दुर्बिणी रोखल्या गेल्या. राधानाथ सिकदार आणि त्यांचे सहकारी गणक यांनी त्या नोंदींवरून हिशेब मांडला. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. २०२० मध्ये ठरलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे फरक तीसेक फुटांचा. जगातलं सर्वांत उंच शिखर हे सर्वांत उंच आहे, हे मैदानात बसलेल्या माणसांनी जगाला सांगितलं.

इथपर्यंत आलो की लांबून शिकणाऱ्यांचा पक्ष जिंकल्यासारखा वाटतो. खरी अडचण इथून पुढे आहे, आणि ती ज्ञानाची नसून नीतीची आहे.

त्या शिखराचं नाव काय ठेवलं? एका निवृत्त सर्वेक्षण-अधिकाऱ्याचं. तिबेटी लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या चोमोलुंग्मा म्हणत आले होते. आकडा बरोबर होता, पण ज्यांनी तो काढला त्यांना डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विचारण्याची गरज भासली नाही. लांबच्या ज्ञानात हा धोका नेहमी असतो. ते खोटं असतं म्हणून नव्हे. ते खरं असतं, म्हणूनच त्याला आपण पूर्ण आहोत असं वाटू लागतं.

आता रोलिंग मिलमधल्या गृहस्थांकडे येतो. पर्वत कशाला म्हणावं याची शास्त्रज्ञांमध्ये एक रूढ मोजपट्टी आहे. २५०० मीटरच्या वरचं सगळं पर्वतात धरतात. त्याखाली उतार किती आणि आसपासच्या जमिनीत चढउतार किती हे पाहतात. आणि ३०० मीटरखाली ती मोजपट्टी थांबते. गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे आपण बरोबर उंबरठ्यावर. पण बैलाडिला त्यात बसतो, आणि मी रोज बैलाडिलाच्याच वस्तूचा हिशेब लिहितो.’

बैलाडिला ही दंतेवाड्यातली डोंगररांग. बैलाच्या वशिंडासारखी दिसते, म्हणून हे नाव. तिथला लोहखडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. हिमालय त्याच्यापुढे कालचं पोर. १९६८ पासून तिथे खाणी चालू आहेत. सुरुवातीला माल रेल्वेने विशाखापट्टणमला आणि तिथून जपानला जाई. इकडे भिलाईचं पोलाद दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येत राहिलं. उरला, सिलतरा भागात राहणाऱ्यांच्या गच्चीवर सकाळी जी काळी भुकटी सापडते, तीही लोखंडाच्या कारखान्यांचीच देणगी. आमचं पिण्याचं पाणी खारुन नदीचं आणि गंगरेल धरणाचं. गंगरेलची महानदी सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते. रायपूरहून डोंगर दिसत नाहीत, पण रायपूर त्यांच्यावरच जगतं. अभ्यासक्रमातला पाण्याचा धडा ऐकल्यावर ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला आपापल्या परीने जाणवली.

याच बैलाडिलाच्या नकाशावर एका डोंगराचं नाव आहे ‘डिपॉझिट क्रमांक १३’. भोवतालच्या आदिवासी गावांत त्याच डोंगराचं नाव नंदराज. नंदराज हा देव आहे आणि पिटोड राणी ही त्याची पत्नी, अशी तिथली श्रद्धा. २०१९ च्या जूनमध्ये या डोंगरावरच्या खाणीला विरोध करायला हजारो माणसं किरंदुलला जमली आणि काही दिवस तिथेच बसून राहिली. ग्रामसभेची जी संमती कागदावर दाखवली होती ती खरी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने काम थांबवलं आणि चौकशी लावली.

डोंगराला दोन नावं आहेत, आणि कुठलंही खोटं नाही. लोखंड तिथे खरोखरच आहे. नंदराजही तिथे राहणाऱ्यांसाठी खरोखरच आहे. प्रश्न असा, की कुठलं ज्ञान पुरेसं मानून डोंगराचं काय करायचं ते ठरवायचं? क्रमांक देणारा लांबून आला होता. त्याच्याकडे विज्ञान होतं, यंत्रं होती. ठरवण्याचा अधिकार मात्र त्या ज्ञानातून आपोआप निघत नाही. किती टन लोखंड आहे हे कळणं आणि ते काढावं हे ठरणं, या दोहोंच्या मध्ये माणसं असतात.

उलट, जवळ राहणाऱ्याचं म्हणणं केवळ तो जवळ राहतो म्हणून अंतिम मानावं, असंही नाही. कांटच्या त्याच ग्रंथात आल्प्समधल्या एका शेतकऱ्याचा उल्लेख येतो. बर्फाच्या डोंगरांचं वेड असलेल्या सगळ्यांना तो सरळ मूर्ख म्हणत असे. कांटला वाटलं, याला संस्कार कमी पडला. मला वाटतं, त्या शेतकऱ्याला एक गोष्ट कळली होती जी कांटला कळणं अवघड होतं: दरीत रोज राहणाऱ्याला डोंगर पाहायचा नसतो, निभवायचा असतो. आणि तरी वरची हिमनदी किती मागे सरकली हे त्या शेतकऱ्याला उपग्रहाइतकं अचूक सांगता आलं नसतं. केदारनाथच्या सरोवराबद्दलही तेच. दोघांना एकमेकांची गरज आहे. फक्त चुकीची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही. कांटचं काही चुकलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. शेतकऱ्याचं किंवा नंदराजच्या पायथ्याच्या गावाचं घर जातं. म्हणून ऐकून घेण्याची जबाबदारी लांबच्यावर जास्त येते.

न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची अट अशी, की सांगणारा आप्त हवा: विषय जाणणारा आणि तो जसा आहे तसा सांगण्याची इच्छा असणारा. मराठीत आप्त म्हणजे नातलगही. लांबून शिकणाऱ्याने ही अट आपल्यालाही लावून घ्यावी. आपण कुणाकडून शिकतो आहोत? शास्त्रज्ञाकडून, गिर्यारोहकाकडून, हे ठीकच. पण डोंगरात राहणारी माणसं आपल्या आप्तांत आहेत का?

आमच्यातल्या दोघांनी शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलं, बाकीच्यांनी नुसतं ऐकलं. शिक्षिकाबाईंनी प्रमाणपत्र घेतलं नाही. त्यांनी एका वहीत बाराही धड्यांच्या नोंदी मराठीत केल्या आहेत, आणि शेवटच्या पानांवर छत्तीसगडच्या डोंगरांची यादी केली आहे: मैनपाट, सामरीपाट, रामगढ, मैकल, बैलाडिला. प्रत्येक नावापुढे त्यांनी जागा सोडली आहे. तिथले लोक त्याला काय म्हणतात ते लिहायला. बैलाडिलापुढे नंदराज लिहून झालं आहे. बाकीच्यांसाठी त्या माणसं शोधताहेत. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा फोनवरूनच.